गोल्फ, गायरान आणि गावकूस

गोल्फ हा साहेबांचा खेळ आहे, त्याच्याशी आंबेडकरी कार्यकर्त्याचा काय संबंध, असा प्रश्न आम्हाला मंगळवेढ्यातल्या अभ्यासवर्गात विचारला गेला. विचारणारे परके नव्हते, आमचेच सहकारी होते, आणि त्यांच्या रागाला कारणही होते. तालुक्याच्या दक्षिण भागातली गावे वर्षानुवर्षे पाण्यासाठी भांडत आली आहेत. मंगळवेढा उपसा सिंचन योजनेचे नाव ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली. अशा तालुक्यातले चार कार्यकर्ते सह्याद्रीतल्या कुठल्याशा डोंगरावर जातात, हिरवळीवर पांढरा चेंडू टोलवून येतात आणि वर त्याचे वर्णनही करतात, हे कुणालाही खटकेल. "पाण्याच्या मोर्चात पुढे असणाऱ्यांनी पाणी पिणारा खेळ खेळायचा का?" असे एका ताईंनी थेट विचारले. तोंडी उत्तर देता देता रात्रीचे अकरा वाजले, तरी उत्तर पुरे झाले नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी आम्ही तिथे पोहोचलो कसे, ते सांगायला हवे. आम्ही चौघे. एक शाळेत शिक्षक, एक वीज खात्यात, एक पाणलोटाच्या कामांवर देखरेख करणारा आणि चौथा येरवड्यात वाढलेला. चौथ्याचे आजोबा 1972 च्या दुष्काळात मंगळवेढा सोडून पुण्याला गेले. जे गावात राहिले त्यांनी खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, जे गेले त्यांनी येरवड्यासारख्या वस्त्यांत पत्रे उभे केले. त्याच येरवड्यात कारागृह आहे, जिथे 24 सप्टेंबर 1932 रोजी बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. आणि त्याच येरवड्यात गोल्फचे मैदानही आहे. शाळा सुटल्यावर आमच्या या मित्राने कॅडीचे काम केले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची स्टिकांची बॅग खांद्यावर घेऊन चालणारा, बॉल कुठे पडला ते बघणारा, आणि पुष्कळदा कुठली स्टिक घ्यायची हे साहेबाला सांगणारा माणूस. पुढे जाऊन उभा राहणाऱ्याला आपल्याकडच्या मैदानांवर 'आगेवाला' म्हणतात. खेळ कॅडीच्या डोक्यात असतो आणि नाव कार्डावर दुसऱ्याचे लागते.

या मित्राचे मामा एका थंड हवेच्या ठिकाणी असेच काम करतात. तिथे नऊ होलचे छोटे मैदान आहे. त्याचे नाव आम्ही लिहिणार नाही, कारण मामांची रोजी त्यावर आहे. देशातल्या अनेक क्लबांत सोमवारी मैदान देखभालीसाठी बंद असते आणि त्या दिवशी कॅडी, माळी यांना खेळायची मुभा मिळते. मामांनी आम्हाला अशाच एका सोमवारी बोलावले. म्हणजे आम्ही पैसे भरून गेलो नाही आणि कुणाच्या ओळखीची चिठ्ठीही नेली नाही. गड्यांच्या दिवशी गड्यांच्या वाटेने आत गेलो.

आता त्या मैदानाविषयी. गोल्फ म्हटले की टीव्हीवर दिसते तसे अठरा होलचे, मैलभर पसरलेले, बॅटरीच्या गाड्या फिरणारे मैदान डोळ्यांसमोर येते. हे तसे नव्हते. इंग्रजांना उन्हाळ्यात थंड हवा हवी होती, म्हणून त्यांनी 1828-29 च्या सुमारास महाबळेश्वर वसवले. तिथल्या क्लबाची स्थापना 1881 ची. अशा डोंगरावरच्या वस्त्यांत सपाट जमीन मिळत नाही, म्हणून तिथली मैदाने आखूड आणि चढउताराची असतात. अठरा पूर्ण करायचे तर तेच नऊ दोनदा फिरायचे. पावसाळ्यात सगळे बंद, कारण तिथे पाऊस आपल्यासारखा मोजून पडत नाही.

पहिला होल खाली होता. आम्ही वर उभे आणि झेंडा खाली दरीकडे, लहान पोराच्या पतंगाएवढा. कार्डावर एकशे चाळीस यार्ड लिहिलेले. शिक्षक मित्राने आकडा वाचून मोठी स्टिक घेतली, तेव्हा मामा म्हणाले, "कार्ड बघू नका सर, डोंगर बघा." उतारावर बॉल लांब जातो, म्हणून लहान मारायची स्टिक घ्यायची. चढावर तोच हिशेब उलटा. तिसऱ्या होलला तर झेंडाच दिसत नव्हता. मामा टेकाडावर जाऊन हात वर करून उभे राहिले आणि आम्ही त्यांच्या हाताकडे बघून मारत होतो. दोघांचे बॉल टेकाडाला लागून पुन्हा आमच्या पायाशी घरंगळत आले. पाऊल एका पातळीवर आणि बॉल दुसऱ्या पातळीवर, अशी तिथली जमीन. बॉल पायापेक्षा वर असला की तो डावीकडे पळतो, खाली असला की उजवीकडे. चार होल होईपर्यंत आमच्या पोटऱ्या भरून आल्या.

चौघांत मिळून सात स्टिका होत्या. एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. बॉल सगळे झाडीत हरवलेले, कॅडींनी शोधून धुतलेले. आमचा प्रत्येक बॉल आधी कुणीतरी गमावलेला होता.

सगळ्यात मजेची गोष्ट ग्रीनवर घडली. ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तिथे बॉल हळूच ढकलायचा असतो. ती दिसते सपाट, पण असते उताराची, आणि तो उतार ओळखण्यात चांगल्या चांगल्यांचा घाम निघतो. आमच्यातल्या पाणलोटवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात पटर धरला होता. तो खाली बसला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "पाणी इकडं जाईल." बॉल बरोबर तिकडे गेला. तीन ग्रीनवर त्याने हेच केले. मामा बघतच राहिले. या मित्राची आई रोजगार हमीवर समतल चर खणत होती, नाला बंडिंगवर होती, आणि तो लहानपणी तिच्याबरोबर बांधावर बसायचा. जमीन कुठे किती कलते हे त्याच्या घरात दोन पिढ्यांनी कुदळीने शिकले आहे. क्लबात हे ज्ञान शिकवायला पैसे घेतात.

या खेळात पंच नसतो हेही आम्हाला तिथेच कळले. किती फटके लागले ते ज्याचे त्याने मोजायचे आणि खरे सांगायचे. चुकून बॉल हलला तर स्वतःच दंड लावून घ्यायचा. मुसावादा वेरमणी हे चौथे शील रोज म्हणणाऱ्यांना यात नवे काही नाही. पण झाडीमागे कुणी बघत नसताना स्वतःचा आठवा फटका मोजणे किती अवघड असते, ते आम्ही अनुभवले. आमच्या बेरजा इथे छापण्यासारख्या नाहीत. चौथा मात्र चांगला खेळला. वीस वर्षांनी स्टिक हातात घेतली होती, तरी त्याचा हात विसरला नव्हता.

सहाव्या होलच्या टीवर असताना एक सभासद आले. सोमवार असूनही ते पाहुण्यांना दरी दाखवायला घेऊन आले होते. त्यांनी मामांकडे पाहिले, मग आमच्याकडे. "कोणाबरोबर आलात?" आम्ही म्हटले, मामांबरोबर. "कुठले?" मंगळवेढ्याचे. "वा, संतांची भूमी. आडनाव काय?" शिक्षक मित्राने आडनाव सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू अडलेले गणित सुटले. महाराष्ट्रात आडनाव विचारणे म्हणजे काय विचारणे असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. मग ते चौथ्याकडे वळले. त्याचा आधीचा फटका त्यांनी पाहिला होता. "छान मारतोस. उद्या सकाळी माझी बॅग घेशील का? माझा मुलगा आजारी आहे." मुलगा म्हणजे त्यांचा कॅडी. तो कॅडी पन्नाशीचा आहे, हे आम्हाला नंतर कळले.

चौथा म्हणाला, "उद्या गावाकडं जायचंय. आज आम्ही खेळतोय." आणि त्याने सात नंबर उचलली. बॉल झेंड्याजवळ पडला असता तर गोष्ट सांगायला बरी झाली असती. तो करवंदीच्या जाळीत गेला.

सभासद निघून गेले. ते काही वाईट बोलले नाहीत, आवाज चढवला नाही, उलट हसून बोलले. पण उरलेले तीन होल आम्ही घाईत संपवले. खाली येताना आमच्यात जोरात चर्चा सुरू झाली, चौथ्याचे उत्तर कसे बरोबर होते, आणखी काय म्हणायला हवे होते, वगैरे. मामा गप्प होते. शेवटी म्हणाले, "तुमचं बरं हाय. तुमी उद्या गावाला जाणार. मला उद्या त्याच माणसाच्या म्होरं उभं राह्यचंय."

या वाक्यावर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि गावी येऊन अभ्यासवर्ग भरवला म्हणून ते मिळाले असेही नाही. स्वाभिमानाची भाषा बोलणारा कार्यकर्ता आणि त्याच आवारात रोजी कमावणारा मामा, यांच्यातले हे अंतर चळवळीला जुने आहे. मामांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्यांना पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, फेरीमागे पैसे आणि आजारी पडले तर शून्य. ज्याच्या हाताला इतका कमी आधार आहे त्याच्याकडून बंड मागणे सोपे असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा साहेबांचा खेळ आहे का?

इतिहास वेगळे सांगतो. स्कॉटलंडमध्ये हा खेळ ज्या जमिनीवर वाढला तिला तिथे लिंक्स म्हणतात. समुद्राकाठची वाळूची, नांगर न चालणारी, गुरे-मेंढ्या चरण्याची जमीन. आपल्या भाषेत गायरान. सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध गाव. तिथल्या लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क 1552 च्या सनदेत नोंदवलेला आहे. 1797 साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घशात घातली. गावकरी गप्प बसले नाहीत, ससे मारले, कोर्टकचेऱ्या केल्या, वीसेक वर्षे भांडण चालले. पुढे 1894 साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती जमीन नगराच्या ताब्यात आली. आजही तिथले जुने मैदान सार्वजनिक आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसे पोरांना, कुत्र्यांना घेऊन त्यावर फिरतात. जगातल्या सर्वांत नामांकित मैदानावर!

म्हणजे खेळ गायरानातला. त्याला भिंत घातली ती नंतरच्यांनी. आपल्याकडे तो आला तोच भिंतीसकट आला. 1829 साली कोलकात्यात क्लब निघाला, ब्रिटनबाहेरच्या आजही चालू असलेल्या क्लबांत तो सर्वांत जुना मानतात. 1842 मध्ये मुंबईत निघाला. गोरे अधिकारी आत, बॅग उचलणारे काळे हात आत आणि त्या हातांची घरे बाहेर. साहेब 1947 ला गेले. भिंत राहिली, आणि खुर्चीवर कोण बसले ते सांगायला नको. 2017 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात एक खासी बाई आपल्या समाजाचा जैनसेम हा पारंपरिक पोशाख घालून निमंत्रित पाहुणी म्हणून जेवायला गेल्या होत्या. मोलकरणीसारख्या दिसतात म्हणून त्यांना टेबलावरून उठायला सांगितले गेले. देशभरच्या वर्तमानपत्रांत ते छापून आले. मोलकरीण असत्या तर उठवणे योग्य ठरले असते का, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

आणि जमिनीचे काय? देशातले कित्येक क्लब सरकारी जमिनीवर, जुन्या भाडेपट्ट्यांवर उभे आहेत. त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. अतिक्रमण हा शब्द आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले, ते कशासाठी? पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी यासाठी. तरीही 2022 च्या अखेरीस राज्यभर गायरानातल्या घरांना नोटिसा लागल्याच. दोन गुंठ्यांवर झोपडी बांधणारा अतिक्रमणधारक, आणि शेकडो एकरांवर हिरवळ वाढवणारा सन्माननीय सभासद! गायरानातल्या खेळाभोवती भिंत घालून त्यातून गायरानातल्याच माणसाला बाहेर काढायचे, अशी ही उलटी रीत आहे.

भिंतीविषयी मंगळवेढ्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. 1338 साली याच गावाचे गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. संतभूमी म्हणून आमच्या गावाचे नाव घेणारे चोखोबांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आल्याची कथा सांगतात. ते हाड तिथे का होते, हे सांगत नाहीत. ते वेठीवर होते. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधता येत नव्हते, तेच कूस बांधायला त्यांना नेले होते. बाबासाहेबांनी 1948 चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला. त्या डोंगरावरच्या क्लबाची दगडी भिंत पाहताना आम्हाला हे आठवले, त्याला आमचा इलाज नाही. मामांनी त्या भिंतीची पडझड दोन पावसाळ्यांत स्वतः दुरुस्त केली आहे.

हे फक्त इथेच घडते असेही नाही. पापवा सेवगोलम हे नाव आमच्या किती तरुणांना माहीत आहे? दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या हिंदी गिरमिटियांच्या वंशातला हा माणूस. लिहिता-वाचता येत नव्हते. कॅडी म्हणून वाढला. कुणी शिकवले नाही, म्हणून स्टिक उलट्या हाताने धरायचा, डावा हात खाली आणि उजवा वर ठेवला तर इतर सगळ्यांच्या उलट होते, तशी. त्याच पकडीने त्याने 1959, 1960 आणि 1964 साली डच ओपन जिंकली. पण मायदेशात वर्णभेद होता. 1963 मध्ये त्याने नाताळ ओपन जिंकली तेव्हा क्लबाच्या इमारतीत गोऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नव्हता. पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आत कोरडे बसले होते आणि विजेत्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. ते छायाचित्र जगभर गेले. दोन वर्षांनी त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. मग सरकारने त्याला स्पर्धांतून खेळायलाच बंदी केली. 1978 साली तो गरिबीत गेला.

अमेरिकेत ऑगस्टा या प्रसिद्ध क्लबात मास्टर्स स्पर्धेसाठी 1982 पर्यंत क्लबाचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे काळे असत. पहिला काळा खेळाडू ली एल्डर तिथे 1975 मध्ये खेळला. पहिला काळा सभासद 1990 मध्ये घेतला गेला. आणि गंमत बघा, बॉल ज्या लाकडी खुंटीवर ठेवून मारतात त्या टीचे 1899 सालचे पेटंट डॉ. जॉर्ज ग्रँट या काळ्या दंतवैद्याचे आहे. बॉल ज्याच्या खुंटीवर ठेवला त्यालाच दाराबाहेर ठेवले.

आपल्या घरातले उदाहरण क्रिकेटचे. पालवणकर बाळू, चर्मकार समाजातले. पुण्याच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखणारा मुलगा. गोऱ्यांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकायचा, बॅट मात्र हातात मिळायची नाही. त्याच गोलंदाजीवर 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. तरी चहा वेगळ्या भांड्यात आणि कर्णधारपद कधीच नाही. पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, आणि ते हरले. खेळाडू म्हणून त्यांचा आदर आम्ही पूर्ण करतो. पण व्यवस्था माणसाला मैदानात कशी वापरते आणि मैदानाबाहेर कशी वापरते, हे दोन्ही त्या एका आयुष्यात दिसते.

म्हणून 'साहेबांचा खेळ, आपण दूर राहू' हे म्हणणे आम्हाला पटत नाही. दूर तर त्यांनीच ठेवले आहे, मग आपणही तेच म्हणायचे? चवदार तळ्याचे पाणी काही जगावेगळे गोड नव्हते. महाडला 1927 साली माणसे तहान भागवायला गेली नव्हती, माणूस म्हणून बरोबरीचा हक्क बजावायला गेली होती. महूचे उदाहरण घ्या. बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून आपण तिथे जातो, अभिवादन करतो, परत येतो. त्याच महूच्या मुकेश कुमारने 2016 च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकली. आशियाई टूरवर इतक्या वयात पहिले विजेतेपद मिळवणारा तो पहिलाच. छावणीच्या गावातला माणूस इथवर जाऊ शकतो, हे आपल्या पोरांना ठाऊक असायला हवे. पोरांना पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा यांखेरीज तिसरे दार दाखवायलाच आपण तयार नाही, ही आमची चळवळीबद्दलची जुनी तक्रार आहे.

राहिला ताईंचा पाण्याचा प्रश्न. तो खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. अठरा होलचे मैदान उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी पिते. दुष्काळी जिल्ह्यात असे मैदान कुणी आणले तर त्याच्या विरोधात पहिली सही आमची असेल. पण हिरवळ ही या खेळाची अट नाही. पाणी नसलेल्या छावण्यांत आपल्याच देशात ग्रीनऐवजी 'ब्राउन' असत, वाळूत तेल मिसळून केलेले, आणि लोक त्यावर वर्षानुवर्षे खेळले. स्कॉटलंडच्या मेंढ्यांनी गवत कापले, नळी कुणी लावली नव्हती. पाणी पितो तो क्लबाचा थाट.

बोलणे पुरे, करायचे काय? मामांशी बोलून आम्ही दोन कामे हातात घेतली आहेत. एक, राज्यात सरकारी जमिनीवर असलेल्या गोल्फ मैदानांचे भाडेपट्टे माहिती अधिकारात मागायचे. जमीन किती, भाडे किती, मुदत कधी संपते, आणि पट्ट्यात सार्वजनिक वापराची अट आहे का. अट असेल तर आश्रमशाळेच्या, समाजकल्याण वसतिगृहाच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस त्या मैदानावर उभे करायचे. दोन, कॅडींची नोंदणी. 1969 च्या माथाडी कायद्याने डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला मंडळ दिले, निधी दिला, रजा दिली. खांद्यावर बॅग वाहणारा त्या चौकटीत का बसू नये? वकील मित्र म्हणतात, सोपे नाही, अनुसूचीत काम बसवावे लागेल, मालक कोण ते ठरवावे लागेल. बसवू, ठरवू. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी आमच्याबरोबर यावे. मामांनी स्वतःचे नाव द्यायला नकार दिला आहे, पण सोमवारी जमणाऱ्या अकरा जणांशी बोलून ठेवतो म्हणाले. आम्ही घाई करत नाही.

येताना त्यांनी आम्हाला ती ट्यूब गुंडाळलेली सात नंबर आणि पिशवीभर धुतलेले बॉल दिले. गावाबाहेर मुरमाड माळ आहे, तिथे वस्तीतली पोरे संध्याकाळी जमतात. तेलाचे रिकामे डबे पुरून होल केले, झेंड्याला निळ्या कापडाच्या चिंध्या लावल्या. आपला माळ डोंगर नव्हे, पण ओढ्याकडे चांगला उतरता आहे, आणि तिसऱ्या होलला इथेही झेंडा दिसत नाही. आतापर्यंत पाच डबे पुरले आहेत. सहावा कुठे पुरायचा यावर शेळ्या चारणाऱ्या आजीबाईंचे आणि पोरांचे भांडण चालू आहे. आजी म्हणतात, तिथे पावसाळ्यात पहिले गवत येते, डबा ओढ्यापलीकडे न्या. पाणलोटवाल्याला उद्या जागा बघायला बोलावले आहे.